ओटीटीचे बाराशे रुपये थेट कलाकारांकडे: प्रकल्प नोंदी, २०२५

५ जानेवारी, रविवार

आधी आकडे. गेल्या वर्षी आमच्या घरातून मनोरंजनावर गेलेली ठरावीक रक्कम अशी: नेटफ्लिक्स प्रीमियम महिना ६४९, म्हणजे वर्षाचे ७,७८८. प्राइम १,४९९. हॉटस्टार १,४९९. यूट्यूब प्रीमियमचं फॅमिली खातं वर्षअखेरच्या दराने महिना २९९, वर्षाचे ३,५८८. बेरीज १४,३७४. मल्टिप्लेक्स आणि तिथलं पॉपकॉर्न यात धरलेलं नाही. तो आकडा काढायला नवऱ्याचा विरोध आहे, कारण पॉपकॉर्न त्याचं असतं.

ठरलंय ते असं. या वर्षी हे पैसे मोठ्या कंपन्यांना द्यायचे नाहीत आणि वाचवायचेही नाहीत. महिन्याला बाराशे रुपये स्वतःच्या बळावर लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, नाटक करणाऱ्या, फिल्म बनवणाऱ्या माणसांना द्यायचे, जमेल तितके थेट. नुसतंच बंद केलं तर ती काटकसर झाली. शीटमध्ये दोन रकाने केलेत, 'दिले' आणि 'पोचले'. (शीट गूगलची आहे हे मुलीने पहिल्या मिनिटाला दाखवून दिलं. असू दे.)

कारण फार लांबवत नाही. नोव्हेंबरात रिलायन्सचं व्हायकॉम१८ आणि डिस्नेचा भारतातला धंदा एक झाला. आमच्या घरात लागणाऱ्या वाहिन्या, ॲप आणि आयपीएल सगळं आता एकाच मालकाच्या घरात. ते कुणाला पटत असेल, मला पटत नाही.

दोन सवलती. आईंची केबल राहणार. "माझी मालिका बंद केलीस तर स्वयंपाकाचं तुझं तू बघ," असं सासूबाईंनी स्पष्ट सांगितलंय. आणि टेलिग्रामवरून उतरवणं पूर्ण बंद. पैसे द्यायचे नाहीत पण माल त्यांचाच फुकट बघायचा, याला बहिष्कार म्हणत नाहीत.

१९ जानेवारी

रद्द करण्यातली माहिती, कुणाला उपयोगी पडेल म्हणून. फोनमधून ॲप काढलं म्हणजे सदस्यत्व संपत नाही. यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची यादी बघा. आमच्याकडे तिथे दोन मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानग्या, जिवंत सापडले, त्यातला एक मुलीने कधीकाळी महिनाभराच्या फुकट चाचणीसाठी दिलेला. वार्षिक सदस्यत्वाचे पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा प्राइम मेपर्यंत चालेल, फक्त पुढचं रिन्यू बंद केलं.

खरा घोळ ब्रॉडबँडमध्ये निघाला. आमच्या प्लॅनमध्ये ओटीटीचं गाठोडं 'मोफत' बांधलेलं होतं. मोफत म्हणजे महिन्याच्या बिलात, अर्थात. मी इकडे एकेक खातं बंद करत होते आणि तिकडे बिलातून त्याच कंपन्यांकडे पैसे जातच होते. गाठोड्याशिवायचा प्लॅन कंपनीच्या ॲपवर दिसतच नाही. कस्टमर केअरला फोन लावून 'नुसतं इंटरनेट' असं दोन-तीनदा म्हटल्यावर तो निघतो. ज्यांना हे करायचंय त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

१५ फेब्रुवारी

काल जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार आलं. पुढच्या आठवड्यात चॅम्पियन्स ट्रॉफी. नवऱ्याचा चेहरा बघवत नाही.

क्रिकेटला स्वतंत्र पर्याय नाही. गल्लीतली टेनिस-बॉल स्पर्धा बघ म्हणून सांगून पाहिलं, मला मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. तीन महिन्यांना १४९ रुपयांचा मोबाईल प्लॅन त्याच्या स्वतःच्या खर्चातून घ्यायचा आणि सामना त्याच्या फोनवरच बघायचा, असं ठरलं. अंतिम सामन्याच्या दिवशी सगळं घर त्या सहा इंची पडद्यावर वाकलेलं असणार हे मला आत्ताच दिसतंय.

२ मार्च

पैसे द्यायला बसले आणि प्रकल्प अडकला.

दोन महिन्यांत जमवलेली यादी: मराठीत स्वतःची गाणी करणारे दोघे, इतिहासावर पॉडकास्ट करणारा एक, चित्रकथा काढणारी एक, माहितीपट करणारे काही, पुण्यातले प्रायोगिक नाटकवाले. बहुतेकांच्या पानावर 'फॉलो करा', 'सबस्क्राईब करा', 'शेअर करा' आहे. 'पैसे द्या' कुठेही नाही. मेसेज करून यूपीआय आयडी मागितला तर एका गायिकेचं उत्तर: "ताई, असे पैसे घ्यायला कसंतरीच वाटतं. नुसतं ऐका ना."

यातून पहिला उपयोगी धडा मिळाला: देणगी म्हणू नये, किंमत विचारावी. चित्रकथावालीला विचारलं, "छापील प्रत आहे का? सही करून कितीला द्याल?" तिने अर्ध्या तासात २५० सांगितले आणि क्यूआर पाठवला. गायिकेला विचारलं, गाण्याची मूळ फाईल विकत मिळेल का? मिळाली, दीडशेला. आपल्याकडे मदत घ्यायला माणूस संकोचतो, पण कामाचे पैसे घ्यायला तयार असतो. मी हिशेबाचं काम करते म्हणून दोघींना जाता जाता हेही सांगितलं की ही भेट नव्हे, उत्पन्न आहे, रिटर्नमध्ये दाखवा.

यूपीआयने दिलेल्या अडीचशेचे अडीचशे पोचतात, कारण त्यावर एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं व्यवहार शुल्क, नाही. शीटमधले दोन्ही रकाने पहिल्यांदाच सारखे आले.

पॉडकास्टवाल्याने मात्र नियमालाच हात घातला. त्याला कळवलं की आम्ही यूट्यूब सोडतोय, पैसे थेट पाठवते, भाग ईमेलने द्याल का. तो म्हणाला, पैसे जरूर पाठवा, पण कृपा करून भाग तिथेच बघा. बघणारे कमी झाले की त्याचा प्रायोजक विचारतो. म्हणजे माझ्या बहिष्काराचा फटका यूट्यूबला नव्हे, त्याला. यूट्यूबवरची सशुल्क मेंबरशिप घ्यावी तर त्यातले तीस टक्के यूट्यूब ठेवतं.

नियम बदलला. बघायचं कुठेही, पण फुकट खात्यावर, जाहिराती सोसून. पैसे मात्र थेट. मुलगी याला पळवाट म्हणते. तिचं चूक नाही, पण मला त्या माणसाचा प्रायोजक घालवायचा नाही.

गाण्यांच्या बाबतीत एवढी अडचण आली नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम नाहीत त्याला रॉयल्टीच नाही. यादीतल्या दोघांची बरीचशी गाणी हजाराच्या आतबाहेर आहेत. तिथे ऐकून त्यांना काही मिळत नसेल तर तिथे ऐकण्याचा आग्रह तरी कशाला.

३ मे, शनिवार

काल बँडकॅम्प फ्रायडे होता. बँडकॅम्प म्हणजे कलाकारांची गाणी थेट विकणारं ऑनलाइन दुकान. ते एरवी डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के घेतं. वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून देतं. मार्च २०२०मध्ये, कोविडने कार्यक्रम बंद पडले तेव्हा हे सुरू झालं. एमपी३ बरोबर फ्लॅकही (आवाजाची प्रत न घटवणारी फाईल) मिळतं, आणि फाईल आपली होते.

वेळेचं लक्षात ठेवा: हा शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असतो. उन्हाळ्यात आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा ते शनिवारी दुपारी साडेबारा. शुक्रवारी सकाळी चहाबरोबर घेतलेला अल्बम त्यात बसत नाही. माझा एक बसला नाही.

सात डॉलरचा अल्बम ५९२ रुपयांना पडला. वर बँकेचा साडेतीन टक्के परकीय चलन मार्कअप आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २४ रुपये. हे २४ कुठल्याच कलाकाराकडे जात नाहीत. शीटमध्ये 'वाटेत गळले' असा तिसरा रकाना वाढवला. आणि कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या. नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये बटण आहे. व्यवहार नाकारला जाण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

बँडकॅम्पलाही 'स्वतंत्र' म्हणताना मी आता अडखळते. २००८ साली सुरू झालेलं हे दुकान २०२२मध्ये एपिक गेम्स या गेम कंपनीने घेतलं, २०२३मध्ये साँगट्रेडर या संगीत परवान्यांच्या कंपनीला विकलं, आणि त्या विक्रीत जवळपास निम्मी माणसं कामावरून गेली. आजही कलाकाराला मिळणारा वाटा तिथे चांगला आहे म्हणून मी तिथे जाते. दुकानावर जीव जडवून घ्यायचा नाही.

१८ मे

दरमहा आपोआप पैसे जातील अशी व्यवस्था करण्यात बराच वेळ घालवला. बेल्जियममधल्या एका ॲनिमेशन करणाऱ्याला महिना तीन डॉलर द्यायचे होते. पहिला हप्ता गेला, दुसरा नाकारला. साइटचा ईमेल म्हणतो बँकेला विचारा, बँक म्हणते साइटला विचारा.

मूळ कारण रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमात आहे. कार्डावरून परत परत पैसे कापायचे तर मॅन्डेट नोंदवलेला हवा, कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, आणि १५,००० च्या वर रक्कम गेली तर दर वेळी ओटीपी. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे, मला तो आवडतो. पण छोट्या परदेशी साइट ही नोंदणी करत बसत नाहीत, आणि आपला हप्ता मध्येच पडतो. त्या ॲनिमेशनवाल्याला ईमेल केला. त्याने सांगितलं, वर्षाचे एकदम भर. ते झालं.

पेट्रिऑन (कलाकारांना दरमहा पैसे द्यायची साइट) वापरणाऱ्यांसाठी: आयफोनच्या ॲपमधून सदस्य होऊ नका. नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या नव्या सदस्यत्वांवर ॲपलचे तीस टक्के लागू आहेत. ब्राउझर उघडा, तिथून भरा.

देशातल्यांसाठी साधा उपाय केला. दर महिन्याच्या पाच तारखेला फोनवर गजर आणि हाताने यूपीआय. नवरा म्हणाला, दूधवाल्याचा हिशेब याहून सोपा असतो.

२२ जून

प्राइम मेमध्ये संपलं. रिन्यू केलं नाही. १७ तारखेपासून तिथे जाहिराती सुरू झाल्यात, तेव्हा घरात फारसं कुणी हळहळलं नाही.

विकत घेतलेल्या फाईल टीव्हीवर दिसाव्यात म्हणून जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन टाकलं. हा मुक्त सॉफ्टवेअरचा मीडिया सर्व्हर आहे, २०१८च्या शेवटी एम्बी या तशाच सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेला. बसवायला एक संध्याकाळ पुरली, चालवायला अख्खा आठवडा लागला. का, ते लिहून ठेवते.

एका फिल्मची फाईल दहा-बिट एचईव्हीसी या व्हिडिओच्या जड प्रकारात होती. टीव्हीला ती झेपेना, म्हणून जेलीफिन लॅपटॉपवर ती बदलायला लागलं आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंघावू लागला. चित्र दर दोन मिनिटांनी थांबायचं. उपाय: हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने फाईल एकदाच साध्या एच.२६४मध्ये बदलून ठेवली. रात्रभर लागलं, पण त्यानंतर अडखळलं नाही. मराठी सबटायटलची जोडाक्षरं टीव्हीवर तुटत होती, 'स्वातंत्र्य'चे चार तुकडे. त्यावर उपाय सापडला नाही. फिल्म करणाऱ्याकडून सबटायटल चित्रातच छापलेली प्रत मागून घेतली. त्याने कुरकुर न करता पाठवली. मोठ्या कंपनीला मी हे कुणाला सांगणार होते?

१३ जुलै

नाटकाला गेल्यावर हिशेब एकदम सरळ होतो. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर प्रयोग होता. तिकीट प्रयोगाआधी तिथेच, रोख किंवा यूपीआय. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. ॲपवरून काढलं तर सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी लागतो. वीस मिनिटं लवकर जा.

परत येताना नवऱ्याने तो प्रश्न विचारलाच: बाराशेने कुणाचं काय होणार आहे? मी श्याम बेनेगलांचं 'मंथन' सांगितलं. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो सिनेमा उभा केला. तो म्हणाला, "हो, पण ते दोन रुपये गोळा करायला गावोगाव सोसायटी होती. तुझ्याकडे काय आहे?"

बरोबर बोलला, आणि रात्रभर तेच डोक्यात होतं. माणसं द्यायला तयार असतात, कलाकार घ्यायला तयार असतो, मध्ये गोळा करणारं कुणी नाही. मोठ्या कंपन्यांचं कसब तिथेच आहे. बटण एक, पैसे आपोआप.

आमच्याकडेही सोसायटी आहे. दुधाची नाही, राहण्याची.

१० ऑगस्ट

क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम करायचा ठरवला. आधी माहितीपट दाखवायचा विचार होता, तो सोडला. घरी बघायला घेतलेली फाईल चारचौघांसमोर लावायची तर करणाऱ्याची वेगळी परवानगी लागते, आणि जाहीर प्रदर्शन म्हटलं की सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. नाटकालाही महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, पण ज्या गटाला बोलावतोय त्यांच्याकडे त्यांच्या दोन पात्री नाटकाचं आधीच होतं. विचारून घ्या, लाजू नका.

जाहीर तिकीटविक्री म्हटली की पोलीस परवान्यापासून सुरुवात. म्हणून फक्त सभासद आणि त्यांचे पाहुणे. सेक्रेटरीकाकांची अट: साडेनऊला संपलं पाहिजे, दहानंतर स्पीकर नाही. मानधन गटाने सहा हजार सांगितलं. घासाघीस केली नाही. तेवढ्यासाठी तर हे चाललंय.

२४ ऑगस्ट, रविवार

काल प्रयोग झाला. क्लबहाऊस भरलं, लोक उभे राहिले, टाळ्या वाजल्या. दाराशी पेटी आणि क्यूआर ठेवला होता, 'ऐच्छिक योगदान' अशी पाटी लावून. जमले १,९४०. पेटीत दहाच्या नोटा निघाल्या. उरलेले चार हजार साठ माझ्या चार महिन्यांच्या बाराशेतून गेले.

लोक कंजूष नाहीत. याच सोसायटीत गणपतीची वर्गणी घरटी हजार जमते, आणि या आठवड्यात गणपती आहेतच. पण 'ऐच्छिक' वाचलं की माणूस शेजारच्याने काय टाकलं ते बघतो. मी स्वतः मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं की देणगी नको, किंमत सांगा. तेव्हा ते कलाकाराला लागू केलं, प्रेक्षकाला लागू करायचं राहिलं.

२१ सप्टेंबर

काल दुसरा कार्यक्रम, त्या गायिकेचा. या वेळी प्रवेश वर्गणी दीडशे, आधी यूपीआयने भरायची, भरल्यावरच यादीत नाव. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस चर्चा: "आपल्याच हॉलमध्ये पैसे देऊन बसायचं?" एका आजोबांनी सगळ्यांच्या वतीने विचारलं, "मुलांचं काय?" दहा वर्षांखालच्यांना मोफत केलं.

आले कमी, एकेचाळीस जणांनी भरले. ६,१५० रुपये. मानधन पाच हजार, माईक-स्पीकरचं भाडं आठशे. ३५० उरले, ते पुढच्या वेळेसाठी. माझ्या खिशातून शून्य.

ऐकणाऱ्यांतही फरक होता. ऑगस्टमध्ये मागच्या रांगेत गप्पा चालू होत्या. दीडशे मोजलेले लोक फोन उलटा ठेवून बसले. शेवटी गायिकेने छापील गीतपुस्तिका साठ रुपयांना ठेवली होती, ती संपली. तिचा मेसेज आला की एका संध्याकाळी इतके मिळाले, स्ट्रीमिंगचा अख्ख्या वर्षाचा हिशेब याच्या पासंगालाही पुरत नाही.

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं कशी चालवली ते वाचलेलं होतं. तेव्हा मी त्यातल्या दिग्दर्शकांची नावं लक्षात ठेवली. आता वाटतं, रोज सतरंज्या कोण घालत होतं, वर्गणीची वही कोणाकडे होती, ते कुणी लिहिलंय का.

११ ऑक्टोबर

दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने ही प्रथा सुरू केली, आणि मराठीत वाचकांच्या खिशावर इतकी वर्षं चाललेलं दुसरं काही मला तरी ठाऊक नाही. आमच्या मजल्यावर दर वर्षी चार घरं मिळून चार अंक घेतात आणि फिरवतात. या वर्षी एवढंच सुचवलं की प्रत्येक घराने आणखी एक अंक असा घ्यावा ज्याच्यामागे मोठं वृत्तपत्र नाही. आठ झाले.

टपालाने मागवणं महाग पडलं. टपाल खात्याने डिसेंबर २०२४मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केल्यापासून छोट्या प्रकाशकांचं कंबरडं मोडलंय. एका पातळ कवितासंग्रहाच्या किमतीच्या निम्मं टपाल. 'वाटेत गळले'मध्ये बँकेच्या मार्कअपला मागे टाकून टपाल पहिलं आलं. तेव्हा दोन प्रकाशकांकडून चार घरांची पुस्तकं एका खोक्यात मागवली. खर्च वाटला गेला.

१६ नोव्हेंबर

आजवरचा हिशेब. माझ्या बाराशेंतून दिले १२,६१०. वाटेत गळले ७३४, त्यातले बहुतेक टपाल आणि मार्कअप. यात नवऱ्याचं क्रिकेट नाही, ते त्याच्या वहीत.

जमलं नाही ते: मुलीला कोरियन बँडपासून सोडवणं. ती आपल्या पैशाने घेते, आता मी विचारत नाही. आईंची मालिका सुखरूप आहे. आणि नेटफ्लिक्सवरचं एक मराठी काम सगळे बघून आले, मी नाही बघितलं. त्यातली नटी माझ्या यादीतल्या नाटकवाल्यांच्याच गटातली आहे. तिथे मिळालेल्या पैशावर ती इथे फुकट प्रयोग करते, असं तिच्याच तोंडून ऐकलं. हे शीटच्या कुठल्या रकान्यात लिहायचं ते अजून ठरत नाही.

तिसरा कार्यक्रम १३ डिसेंबरला, त्याच नाटकवाल्यांचा, वर्गणी दोनशे. सेक्रेटरीकाकांनी या वेळी स्वतः हॉलची तारीख अडवून ठेवली. शेजारच्या सोसायटीने विचारलंय, यूपीआयने वर्गणी भरली की नाव लिहायचं आमचं यादीपत्रक त्यांना पाठवलं. करायची कामं: लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, पन्नास खुर्च्या मंडपवाल्याकडून सकाळीच, आणि आजोबांसाठी पुढच्या रांगेत हाताची खुर्ची.